न ऐकता केलेली सही

भुंगी दुपारी एकला झोपते आणि अडीचला उठते. मधला दीड तास माझा. त्यात धुणं नाही, भांडी नाहीत, कुणाचे फोन नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी लावलेलं माझं टेबल, त्यावर कम्प्युटर, दोन रेडिओ आणि एक साबणाची डबी. श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

भुंगी हे तिचं खरं नाव नाही. झोप आली की ती नाकातल्या नाकात एका सुरात गुणगुणत राहते, म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं. "आमच्या घराण्यात कुणाला गाता आलं नाही," त्या म्हणतात, "आणि हिला थांबता येत नाही."

साबणाच्या डबीचं मात्र नीट सांगायला हवं.

आमच्या शहरामागे डोंगर आहेत. डोंगरापलीकडच्या वस्त्यांमध्ये मोबाइलचा उपयोग फक्त अंधारात वाट दिसायला, रेंज नावाची गोष्टच नाही. आम्ही सहा जण हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन परवाना काढलेले, पण पोट त्यावर भरत नाही अशातले. कम्प्युटरवर टाइप केलेला मजकूर रेडिओवरून पाठवायचा तर आधी त्याचा आवाज करावा लागतो आणि पलीकडे त्या आवाजाची परत अक्षरं. ह्याला पॅकेट रेडिओ म्हणतात. हे काम करणारं यंत्र बाजारात मिळतं, पण त्या किमतीत एखाद्या आरोग्य केंद्राची वर्षभराची औषधं येतील. आम्ही ते साबणाच्या डबीत बसवलं. जोडीला भंगारात निघालेले, टॅक्सीतले जुने रेडिओ. सोल्डरिंग रेडिओकाकांचं, आतला प्रोग्रॅम माझा, आणि उरलेलं सगळं, म्हणजे मुख्यतः भांडणं मिटवणं, मास्तरांचं.

रेडिओकाका माझे नात्यातले कुणी नाहीत. चाळीस वर्षं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून येताना मी तिथं उभी राहायची, इतकी की एक दिवस त्यांनी स्टूलच दिलं. लग्नात त्यांनी मला भेट म्हणून वीज मोजायचा मल्टिमीटर दिला. सासूबाईंनी तो बरेच दिवस शोकेसमध्ये मांडून ठेवला होता.

डब्यांच्या बाबतीत काकांनी एक नियम घालून दिला होता. प्रत्येक डबीची रजिस्टरमध्ये एक ओळ. जोडलेला सेट कोणता, निरोप पाठवले किती, पोचले किती. शेवटचा रकाना ‘ऐकलं’. डबी निरोप पाठवत असताना दुसऱ्या रेडिओचा आवाज मोठा करून ती कशी वाजते ते कुणीतरी कानानं ऐकायचं आणि तिथं सही करायची. पडदा एवढंच सांगतो की निरोप पोचला. तो ताठ मानेनं पोचला की उंबऱ्याला ठेचकाळत, ते पडद्याला कळत नाही. काका म्हणायचे, "आकडा पास-नापास सांगतो. मार्क कान देतो."

गेल्या उन्हाळ्यात केलेल्या नव्या वीस डब्यांपुढे त्या रकान्यात वीस सह्या आहेत. वीसही माझ्या.

*

थंडी पडली आणि चौथ्या दिवशी सकाळी सहाला खिंडीतल्या आरोग्य केंद्रातून सिस्टरनी निरोप पाठवला. त्यांची डबी सात नंबरची. बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही, गाडी पाठवा. असा निरोप खाली हॉस्पिटलात पोचला की गाडीवाल्याच्या खोलीत घंटा वाजते. घंटा वाजली नाही. डबीनं दहा वेळा प्रयत्न केला आणि पडद्यावर लिहिलं, उत्तर नाही. सिस्टरनी परत पाठवला. परत तेच. मग त्यांनी माइक उचलून बोलून पाहिलं, पण तोंडी बोलणं ऐकायला त्या वेळी खाली कुणीच नसतं. आमची तोंडी हजेरी संध्याकाळी सहाची. शेवटी त्या बाईचा दीर उतारावरून पळत सुटला आणि दोन तासांनी रस्त्यावर त्याला एक ट्रक भेटला.

बाळ ठणठणीत होतं. आई अकरा वाजता हॉस्पिटलात पोचली तेव्हा कागदासारखी पांढरी होती, असं गाडीवाला म्हणाला. तीन दिवस डॉक्टर काही बोलत नव्हते. मग ती वाचली. पण तिला आता दुसरं मूल होणार नाही.

आणि त्याच दिवशी, ऊन वर आल्यावर, नऊ वाजता तीच डबी सुतासारखी सरळ चालायला लागली.

रविवारी मास्तरांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही सगळे जमलो. वीसच्या वीस डब्या खाली मागवून घेतल्या होत्या. मास्तरांनी खडू उचलला, काही लिहिलं नाही, परत ठेवला.

"थंडीत बिघडतं, ऊन आलं की सुधारतं," ते म्हणाले. "हे लक्षण कशाचं, मी सांगायला नको."

नकोच होतं. सोल्डरचा टाका कच्चा राहिला की आत केसाएवढी फट राहते. थंडीत ती उघडते, उन्हात मिटते. रेडिओच्या धंद्यातलं हे पहिलीच्या पुस्तकातलं दुखणं. आणि ह्या डब्या झाल्या त्याच महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. हे कुणीच बोललं नाही. सगळे टेबलाकडे बघत राहिले, त्यामुळे बोलल्यासारखंच झालं.

"माझाच हात चुकला असणार," काका स्वतःहून म्हणाले. "त्यातल्या निम्म्या मी एका डोळ्यानं केल्यात." मग म्हणाले, "पण मास्तर, त्या दिवसानंतर डबी खाली येईपर्यंत तीन दिवस सकाळी मी खिंडीतलं ऐकत होतो. मला आवाजाला डोकं नाही वाटलं. धड आहे, डोकं नाही."

"काका," आमच्यातला बँकवाला म्हणाला, "डोळ्याचं झालं, आता कानाचंही उरकून घ्या."

सगळे हसले. ताण सैल व्हायला काहीतरी हवंच होतं. भुंगी माझ्या मांडीवर बसून रजिस्टरचा कोपरा चघळत होती, मी तो तिच्या तोंडातून सोडवत होते, आणि मीही हसले.

मास्तर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "खूप केलंत काका. आता तुम्ही बसून सांगा, आम्ही करू."

काकांना मऊपणाचा अर्थ कळतो. "वीसही घरी नेतो," ते म्हणाले. "सगळे टाके नव्यानं मारतो. येत्या रविवारी आणून देतो, सोबत माझी सोल्डरिंग गनही. मग तुमचं तुम्ही बघा."

पिशवी त्यांनी कुणाला उचलू दिली नाही.

*

सोमवारी भुंगी झोपली आणि मी टेबलाशी बसले, पण हात चालेना. डोकं नाही. धड आहे, डोकं नाही.

आवाजाचं डोकं म्हणजे काय ते आमच्यात फक्त दोघांना नीट ठाऊक आहे, काकांना आणि मला. रेडिओनं बोलायला सुरुवात केली की पहिले काही क्षण तो नुसताच गुरगुरतो, सपाट, एकसुरी. मजकूर मागून येतो, खर्रर करत. ती आधीची गुरगुर मुद्दाम ठेवलेली असते. जुन्या टॅक्सीच्या सेटमध्ये आत एक खटका असतो, तो बसायला वेळ लागतो. तो बसायच्या आत मजकूर सुरू झाला तर सुरुवातीची अक्षरं हवेत जातच नाहीत, आणि एक अक्षर गेलं की पलीकडची डबी अख्खा निरोप टाकून देते. म्हणून बोलण्याआधी थोडं थांबायचं. किती थांबायचं, तो आकडा माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे. आम्ही त्याला ‘दम’ म्हणतो. हजार म्हणजे एक सेकंद. पहिल्यापासून तो चारशे होता.

उन्हाळ्यात मी तो दीडशे केला. एकाच वाटेवर वीस डब्या बोलणार, प्रत्येकीनं कमी वेळ घेतला तर गर्दी कमी, बॅटरीही वाचेल. हुशारीचीच गोष्ट होती. माझ्या नव्या सेटवर पाहिलं, जुन्या सेटवरही पाहिलं. शंभरातले शंभर पोचले.

पडद्यावर पाहिलं.

स्पीकर बंद होता. भुंगी तेव्हा चार महिन्यांची होती, पोटदुखीनं रडून रडून नुकती कुठं दुपारची झोपायला लागली होती. एक खर्रर वाजली असती तर गेला असता दीड तास. मी एकेक डबी लावली, शंभर मोजले, सही केली. पुढची. मनात म्हटलं, शंभरात शंभर म्हणजे आणखी काय ऐकायचंय.

सोमवारी मी जुना सेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला.

"अगं, हे काय दुधाशेजारी?" सासूबाई दार उघडून उभ्या.

"रेडिओ आहे आई."

"ते दिसतंय. त्याला ताप आलाय का?"

तासाभरानं सेट काढला, घरी ठेवलेली नमुन्याची डबी जोडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा भुंगी झोपलेली असताना स्पीकरची कळ फिरवली. खट आणि खर्रर एकदमच. मधली गुरगुर नाही. गारठलेला खटका उशिरा बसत होता, मजकूर त्याच्याआधीच सुटत होता. दहा पाठवले, दोन पोचले. सेट कोमट झाल्यावर पोचू लागले, पण तेव्हाही गुरगुर निसटती, नखाएवढी. उन्हाळ्यात हेच वाजलं असणार. एकदा जरी ऐकलं असतं तर कळलं असतं की निरोप कड्याच्या काठावरून चाललेत. मी आकडा परत चारशे केला, सेट परत गार केला. दहात दहा.

भुंगी उठून बसली होती. रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी तिला उचललं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून तशीच उभी राहिले. खिंडीतल्या त्या बाईचं बाळ आता दहा दिवसांचं असेल, एवढंच डोक्यात येत होतं.

*

नवऱ्याला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणूनच तो म्हणाला, "अगं, काकांनी मान्य केलंय ना? नवा आकडा डब्यांमध्ये भर, डब्या चालतील, विषय संपेल. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

खरं सांगायचं तर हा विचार त्याच्याआधी मला येऊन गेला होता. इतका सोपा होता. रविवारी काका टाके मारून डब्या आणणार, मी ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून नवा प्रोग्रॅम भरणार, थंडीत सगळं चालणार. सगळे म्हणतील, टाकेच कच्चे होते. मी ती फाइल तयारही केली. तिला नाव काय द्यावं ह्यावर दहा मिनिटं घालवली.

सासूबाई भुंगीला भरवत होत्या. त्यांना रेडिओतलं ओ की ठो कळत नाही. घास तिच्या तोंडासमोर धरून, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी. हं, आ कर. आ."

मंगळवार गेला. बुधवार गेला. बुधवारी मी नुसतीच झोपून राहिले, भुंगीच्या बाजूला, तिच्या पाठीवर हात ठेवून.

गुरुवारी दुपारी तिला खांद्यावर टाकून काकांकडे गेले. दार काकूंनी उघडलं. "बरी आलीस," त्या हळूच म्हणाल्या. "चार दिवस ताट तिकडंच नेऊन द्यावं लागतंय. कुणाचं ऐकत नाहीत."

काका भिंगाच्या दिव्याखाली वाकलेले. भोवती उघड्या डब्या, राळेचा तिखट धूर, उजव्या अंगठ्याला टरटरून आलेला फोड.

"ये, ये. तरुण डोळे हवेच होते," ते म्हणाले. "ही बघ, सात नंबर. हिला अजून हात लावला नाही, मुद्दाम ठेवलीय. ह्यात कच्चा टाका कुठला ते दाखव मला. मला सगळेच चांगले दिसतायत. म्हणजे डोळे फारच गेले की."

मी भिंगातून बघायचं नाटकही करू शकले नाही.

"काका, टाके चांगलेच आहेत."

"मग?"

"दम मी चारशेचा दीडशे केला होता. उन्हाळ्यात."

ते सरळ बसले. "का?"

"गर्दी होऊ नये म्हणून. वीस डब्या एका वाटेवर..."

"मग त्यात काय, मीही केला असता. जुन्या सेटवर पाहिलास?"

"शंभरात शंभर."

"आणि ऐकलंस तेव्हा कसं वाजलं?"

भुंगी माझ्या खांद्यावर गुणगुणता गुणगुणता झोपली होती. तिची लाळ माझ्या गळ्याशी गार लागत होती.

"ऐकलं नाही काका. ही झोपली होती."

"एकही?"

"एकही नाही."

त्यांनी गनचं टोक ओल्या स्पंजावर पुसलं. छस्स झालं. गन स्टँडवर ठेवली. चष्मा काढला. तो पुसला.

"आकडा चुकला म्हणाली असतीस तर तुझ्या बाजूनं मी मास्तरांशी भांडलो असतो," ते म्हणाले. "आकडे चुकतात. पण तिथं सही आहे पोरी." मग आणखी हळू, "चार दिवस ह्या डोळ्यांना शिव्या घालतोय मी. आणि कान खरं सांगत होता, त्याला मीच खोटं ठरवलं. बँकवाल्याचं मी मनावर घेत नाही. तू हसलीस, म्हणून."

मी माफ करा म्हणाले, पण ते त्या खोलीत फारच लहान वाटलं.

"मला काय सांगतेस," काका म्हणाले. "खिंडीत सांग. सहाला हजेरी आहे."

"सगळे ऐकतील."

"माझंही सगळ्यांनीच ऐकलं."

*

काकूंनी भुंगीला गादीवर झोपवलं. सहाला मास्तरांनी रेडिओवर एकेकाची हजेरी घेतली, मग विचारलं, कुणाचा काही निरोप. काकांनी माइक माझ्यापुढे सरकवला.

लिहून आणलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, की चार तारखेला खिंडीतून निरोप पोचला नाही त्याचं कारण सोल्डरिंग नव्हतं. रेडिओकाकांचे टाके सगळे पक्के आहेत. प्रोग्रॅममधला आकडा मी कमी केला, आणि डब्या न ऐकता ऐकल्याची सही केली. वीसही. हे सिस्टरना आणि सगळ्यांना सांगायचं होतं. ओव्हर.

रेडिओवर बटण सोडल्यानंतरची शांतता ही नुसती शांतता नसते. तिच्यात सगळे बसलेले असतात.

मग खिंडीतून सिस्टरचा आवाज आला. "ऐकलं," त्या म्हणाल्या. बटण त्यांनी सोडलं नव्हतं. मागे कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं. मी वाट बघत राहिले की आता त्या म्हणतील, जाऊ द्या, किंवा म्हणतील, तुम्हाला लाज कशी वाटली नाही. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

"सात नंबरची डबी मी खाली आल्याशिवाय वर पाठवू नका," त्या म्हणाल्या. "मी बाजूला बसून ऐकणार आहे. ओव्हर."

काकांनी हजेरी संपेपर्यंत थांबून एक नंबरची डबी ओढली. मी नवा प्रोग्रॅम भरला. त्यांनी दुसरा रेडिओ लावला आणि आवाजाच्या कळीला हात घातला. माझा हात आपोआप पुढे गेला, कळ अडवायला. सवय.

"उठू दे," काका म्हणाले.

त्यांनी आवाज पूर्ण मोठा केला. गुरगुर, लांब, सपाट, आणि मग खर्रर. भुंगी दचकली, ओठ काढले आणि भोंगा सुरू केला. मी तिला कडेवर घेतलं, आणि तिच्या रडण्यातून कान देऊन शेवटपर्यंत ऐकलं. काकांनी रजिस्टर काढलं. माझी जुनी सही त्यांनी एका आडव्या रेघेनं खोडली आणि पेन मला दिलं.

"गनचं काय काका?" मी विचारलं.

"डोळ्याचं खरंच आहे," ते म्हणाले. "पण ते मी ठरवीन. रविवारी बघू."

रविवारी ते आले, डब्या आणल्या, गन आणली नाही. कुणी विचारलंही नाही. माझ्याशी ते बोलले, पण कामापुरतं, आणि मला ‘पोरी’ म्हणाले नाहीत.

राहिलेल्या डब्या मी घरी एकेक करून ऐकत आलेय. स्पीकर चालू असतो, त्यामुळे भुंगी दीडलाच उठते आणि माझ्या दीड तासाचा अर्धा तास झालाय. उठते, टेबलाशी येऊन उभी राहते, गुरगुर सुरू झाली की तोंड उघडं टाकून रेडिओकडे बघते. एकोणीस ओळींपुढे नव्या सह्या झाल्या. सातव्या ओळीत खोडलेली सही आहे आणि तिच्यापुढची जागा कोरी. सिस्टरना खाली यायला पुढच्या आठवड्यात सवड होईल. खिंडीत रोज पहाटे पाणी गोठतंय, तिथं डबी नाही, आणि मास्तरांनी हॉस्पिटलातल्या रेडिओपाशी सकाळी बसायच्या पाळ्या लावल्यात. पाच ते आठ माझी पाळी. भुंगीला सासूबाईंजवळ ठेवून जाते. स्पीकर मोठा करते आणि नुसती बसून ऐकते.